रडणारं पिल्लू

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

राक्षस पकडून पाळायच्या त्या संगणकावरच्या खेळाचा नवा भाग तपासून झाला. डोंगर इतके सुरेख काढलेत, की चालतच राहावं. जुने राक्षसही सोबत नेता येतात. पण एक दिवस खेळलं नाही, तर पाळलेलं पिल्लू आजारी पडतं आणि खेळणाऱ्या मुलाचं नाव घेऊन रडतं. शिसारी आली मला. अहवालात मी ही सर्वांत मोठी उणीव म्हणून लिहिली. साहेबांनी ती उचलून जमेच्या बाजूला टाकली. म्हणाले, "अगं, रडतं म्हणूनच तर पोरं परत येतात! कर सही."

बाबा, तुम्ही अंगठा उठवण्याआधी कागद दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेता. मी तर वाचलेला होता. नाही केली सही.

कोणी विचारलं तर पोरीची नोकरी चालू आहे म्हणा. खोटं नाही, सोमवारपर्यंत आहेच.

धाकटे, पत्र तूच वाचून दाखवतेयस, म्हणून हे तुला. हा खेळ मी आणणार नाही. शब्द मोडला, खुशाल रुस. तुझा रुसवा दोन दिवसांत जाईल. ते पिल्लू तुला एक दिवसही सोडणार नाही.

तुमची थोरली