कॅमेऱ्याची मान

बुधवार, दुपारचे तीन

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम.

इकडे सगळं ठीक. आईची कंबर आहे तशीच आहे, पण आता काठी धरून मोरीपर्यंत एकटी जाते आणि मी मागे उभा राहिलो तर ओरडते. औषधं वेळेवर चालू आहेत. भूकही बरी आहे. टीव्ही मात्र लावत नाही. परवा मी लावला, तर म्हणाली, "राहू दे, डोळे दुखतात."

तुझा एकच निरोप माझ्या फोनवर आहे. "फ्रेम छान होती. आता फोन करू नकोस." म्हणून फोन केला नाही. पत्राला तू मनाई केलेली नाहीस, असा वकिली मुद्दा काढून लिहायला बसलोय. तू म्हणशील, खोड काही जात नाही.

आपल्या चर्चचे पाळक नेहमी सांगतात, कबुली द्यायची तर गोलगोल बोलू नये, केलं त्याचं नाव घ्यावं. तर घेतो. दहा दिवसांपूर्वी रविवारच्या उपासनेत, थेट प्रक्षेपण चालू असताना, तुझं केस गेलेलं डोकं मी दाखवलं. आईने ते पलंगावरून टीव्हीवर पाहिलं. तोपर्यंत तिला तू ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेली आहेस एवढंच माहीत होतं. मलाही.

तू शेवटच्या खांबामागे का बसली होतीस, ते मला नंतर कळलं. मीच तुला कधीतरी फुशारकी मारत सांगितलं होतं, की हातातल्या कॅमेऱ्याची केबल बाराव्या बाकापर्यंतच पोचते, त्यापलीकडे कुणी झोपलं तरी आम्हाला दिसत नाही. ते तू लक्षात ठेवलंस. गेल्या महिन्यात बिनकेबलचा कॅमेरा आला, हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू फोन उचलत नव्हतीस, आणि मी रुसून बसलो होतो. ताईला आता आपली गरज नाही म्हणे.

आणि आमचा तो नियमही तुला ठाऊक होता. आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली की चेहरे दाखवायचे नाहीत. जोडलेले हात, पाठी, खिडकी, एवढंच. ज्याने स्वतःहून परवानगी दिली असेल तेवढ्याचाच चेहरा. त्या नियमाच्या भरवशावर तू आलीस.

त्या दिवशी उपासनेनंतर झालेल्या बैठकीत मी सांगितलं, की मी फक्त फोकस बघत होतो. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा बंद होता, आपलं चित्र बाहेर जातंय हे मला कळलंच नाही, आणि ती बाई कोण हेही ओळखलं नाही. आईलाही हेच सांगितलं, तुला पहिल्या निरोपात हेच लिहिलं. ते खरं नाही, ताई. एक शब्दही खरा नाही.

पाळक म्हणाले, "ज्यांच्या शेजारी कुणी आजारी असेल त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवा." माणसं सरकली, हात वर गेले. मी कॅमेरा घेऊन मधल्या वाटेने मागे चाललो होतो. खांबाजवळ एक बाई एकटीच उभी होती. तिने डोक्याचा रुमाल सोडला, इकडे तिकडे बघितलं आणि स्वतःचाच हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मी तुला तुझ्या मनगटावरून ओळखलं. चेहरा नंतर आला.

आणि त्याच क्षणी मनात आलं, की काय चित्र आहे हे! सांगायला तोंड नाही, पण तसंच झालं. गेले सहा महिने तीन नंबरच्या कॅमेऱ्यावाल्याचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते. आज कळेल सगळ्यांना, असं वाटलं. मी गुडघा टेकला आणि श्वास रोखला. हात अजिबात हलू दिला नाही.

कानात मास्तरीण बोलली. तुला तिच्याबद्दल सांगितलं नसेल. शाळेत शिकवते, रविवारी आतल्या खोलीत बसते आणि कुणाचं चित्र बाहेर जायचं ते बटण दाबून ठरवते. ती म्हणाली, "दोन नंबर, चेहरा आहे. विचारलंय का त्यांना?"

प्रार्थनेच्या वेळी आम्हाला बोलता येत नाही. त्यामुळे आमची रीत अशी, की हो म्हणायचं तर कॅमेरा किंचित खालीवर करायचा, मान डोलावल्यासारखा. नाही म्हणायचं तर डावीउजवीकडे.

मी खालीवर केला.

तिने बटण दाबलं. लाल दिवा लागला. अकरा सेकंद तू जगभर होतीस. मी एवढंही केलं नाही, की लेन्स खाली वळवावी. ती म्हणाली, "सुंदर, धरून ठेव," आणि मी धरून ठेवलं.

बैठकीत मास्तरणीने सांगितलं, त्याने हो म्हणून मान हलवली. मी म्हटलं, हात थरथरला असेल, मान कसली! चोराच्या उलट्या बोंबा. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "असेल. माझी बघण्यात चूक झाली असेल." तिला त्या खोलीतून काढलं. गेल्या रविवारी ती सर्वांत मागे बसून होती. मी पुन्हा कॅमेरा घेऊन फिरत होतो, तोंड वर करून.

काल पाळकांकडे जाऊन सगळं सांगितलं. मास्तरणीच्या घरीही गेलो. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली, आणि वह्या तपासायला आत गेली. कॅमेरा मी परत केला. त्यात मोठेपणा काही नाही, ठेवला असता तर लाज सोडली असं झालं असतं.

हे सगळं लिहिणं त्या मानाने सोपं होतं. आता पुढचं.

त्या रविवारी मी घरी आलो तेव्हा आई पलंगावर बसून होती. रडत नव्हती. तिने पहिलं विचारलं, "तू गेलास ना तिच्याजवळ? कॅमेरा ठेवून?" मी म्हटलं, "गेलो ना. लगेच गेलो. तिच्या डोक्यावर हात ठेवला, शेवटपर्यंत उभा होतो." उचलली जीभ लावली टाळ्याला. आई म्हणाली, "मग ठीक." आणि दहा दिवस ती त्या एका गोष्टीवर जगली. शेजारणीला सांगायची, "एकटी नव्हती हो, धाकटा होता जवळ." मी स्वयंपाकघरात भांडी घासत ते ऐकायचो.

खरं म्हणजे अकरा सेकंद संपल्यावर कानात आलं, "दोन, आता गायनाकडे." आणि मी वळून गाणाऱ्यांकडे गेलो. परत आलो तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं.

आज सकाळी आईला हे सांगितलं. चहाचा कप तिच्या हातात होता. तो तिने खाली ठेवला. मला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे शेवटपर्यंत तिचा स्वतःचाच हात होता."

त्यानंतर माझ्याशी ती एकच वाक्य बोलली आहे. "मला तिच्याकडे ने."

डॉक्टर जिने नको म्हणालेत, तुझे तीन मजले आहेत, आणि ती ऐकणार नाही हे तू जाणतेस. शनिवारी सकाळी दहाला शेजारचा सुतार आणि मी तिला खुर्चीत बसवून वर आणू. तुझ्या दारापाशी खुर्ची ठेवून मी खाली जाईन. तू आमच्यापैकी कुणालाही घरात घेणार नाहीस असं मावशीला म्हणालीस. माझ्यापुरतं ते बरोबरच आहे, आणि त्यातून सूट मागायला हे पत्र नाही. पण आईने तुला काही केलेलं नाही. तिला तुझ्या डोक्यावर हात ठेवायचाय. तेवढ्यासाठी दार उघड.

मी रस्त्यावर थांबेन. तिला परत न्यायचं असेल तेव्हा खिडकीतून सुताराला हाक मार, मला नको.

तुझा म्हणावं की नाही, ते तुझ्यावर सोडून,
धाकटा