आईंच्या पिशवीत काही नव्हतं

राजपुरा, बऱ्हाणपूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय पूर्णिमा,

तुम्ही तिघी सुखरूप असाल असं धरून लिहायला बसलोय. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. लीलाधरभाऊ उद्या केळीच्या कामाने खकनारला चाललेत, तिथून तुकईथडला तुमच्या घरी पाकीट पोचवतील.

इकडे सगळं ठीक. नळाला एक दिवसाआड पाणी आहे. शाळेत पेपर तपासणं चालू आहे. तुझ्या ऑफिसातल्या कविताबाई चौकात भेटल्या, तेजू कशी आहे म्हणून विचारत होत्या. बरी आहे म्हणालो. मला काय माहीत कशी आहे ते! महिना होत आला तिला पाहून.

तू गेल्यापासून मिक्सरचं भांडं ओट्यावर तसंच पडलं होतं. परवा घासायला घेतलं. झाकणाच्या रबरात राजगिऱ्याचं पीठ आणि नारळाच्या दुधाची भुकटी कुजून हिरवी झाली होती. वास असा की मोरीत वाकून ओकलो. याला मी महिन्यापूर्वी तेजूचं औषध म्हणत होतो. रोज सकाळी घड्याळ लावून फिरवत होतो.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑगस्टमध्ये ऑटिझम म्हणून कागदावर लिहून दिलं, तेव्हा त्या आणखी एक बोलल्या होत्या. आठवतं? “ती जे चार पदार्थ खाते, ते काढून घेऊ नका. नवा पदार्थ शेजारी ठेवा, हात लावला तर लावला. गव्हाची शंका असेल तर आधी रक्त तपासू.” मला बाई थंड वाटल्या. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की हे जाईल. मग सांगणारे काय कमी? माझ्या काकांनी उंटिणीचं दूध सांगितलं. शाळेतल्या चेतनसरांनी ताईत आणून दिला. सगळ्यांचा उबग आला होता. आणि त्या सगळ्यांपेक्षा वाईट माणसावर, लॉजच्या हॉलमध्ये गहू-दूध बंद करायला सांगणाऱ्या पंकजवर, मी विश्वास ठेवला, कारण त्याच्याकडे पडद्यावर आतड्याचं रंगीत चित्र होतं.

तू नको म्हणत होतीस. “दूध-चपाती काढली तर ती जगेल कशावर?” असं विचारलंस. मी तुला अडाणी म्हणालो. तेही तुझ्या आईंसमोर.

काल, रविवारी, पंकज पुन्हा त्याच लॉजच्या हॉलमध्ये आला होता. मला त्याचा निरोप होता, “सर, पाँच मिनट अपना अनुभव बता दीजिए।” का गेलो ते माझं मलाही नीट सांगता येत नाही. कदाचित अजूनही तो म्हणेल की चूक तुमची नव्हती, असं वाटलं असेल. खुर्च्यांवर चाळीसेक आईबाप होते. समोरच्या रांगेत एक बाई मुलाचे दोन्ही हात पदरात धरून बसली होती. दिवे बंद झाले आणि पडद्यावर आपली तेजू आली.

पथ्याच्या सहाव्या दिवशी मी काढलेला व्हिडिओ. मीच त्याला पाठवला होता. तेजू सरळ माझ्याकडे बघते आहे, हालत नाही, डोळ्यांत डोळे. पंकज माईकवर म्हणाला, “सिर्फ छह दिन! जो बच्ची कभी नज़र नहीं मिलाती थी!” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पूर्णिमा, ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातात बिस्किटाचा पुडा होता, फ्रेमच्या खाली. तो दाखवून मी तिला बघायला लावलं होतं. सहा दिवस उपाशी पोर पुड्याकडे बघत होती आणि मी तिची नजर कॅमेऱ्यात यावी म्हणून पुडा हळूहळू वर आणत होतो. बिस्किट दिलं नाही. व्हिडिओ झाल्यावर पुडा कपाटात ठेवला. तुला तो व्हिडिओ दाखवला तेव्हा तू रडलीस, आनंदाने. मी तुला रडू दिलं.

टाळ्या चालू असताना उठलो. म्हणालो, “ही माझी मुलगी आहे. ती उपाशी आहे या व्हिडिओत. नवव्या दिवशी तिला सलाईन लावलं.” पंकजने माईक बंद केला. दोन माणसं मला दंडाला धरून बाहेर आणू लागली. ती समोरची बाई मागे वळून म्हणाली, “मग दादा, आमी पोराले काय द्याचं?” तोवर मला दारापर्यंत आणलं होतं. ती पुन्हा पुढे वळून बसली. घरी आलो तर स्वतःच्या अंगाला वास येत असल्यासारखं वाटत राहिलं. मोठा शूर होऊन आलो होतो, आणि हॉलमध्येसुद्धा अर्धंच बोललो होतो.

आता उरलेलं लिहितो. चार वेळा पान फाडलंय.

त्या सोमवारी, नवव्या दिवशी, तू ऑफिसात होतीस. मी रजा टाकली होती. आई देवळात गेल्या होत्या. तेजूने आदल्या दिवसापासून कोरड्या भाताची चार शितं खाल्ली होती. मी पंकजला फोन केला. तो म्हणाला, “अभी ढीले पड़े तो नौ दिन बेकार। थोड़ी सख्ती करो।” मी तिला मांडीवर आडवं घेतलं. तिचे दोन्ही हात काखेत दाबले. नाक धरलं. श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा. तीन चमचे गेले. चौथ्याला ठसका लागला, डोळे फिरले, आणि सगळं बाहेर आलं, नाकातूनसुद्धा. ती ओरडली नाही. कुकरच्या शिट्टीला घर डोक्यावर घेणारी आपली पोर, तिने आवाजच केला नाही. मी तिला धुतलं, फ्रॉक बदलला, फरशी पुसली. खरं सांगायचं तर आधी फरशी पुसली.

दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं होतं? आई दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, “आजीने चोरून दूध-बिस्किट दिलं असणार. बंद असताना दिलं की उलटतं.” आई म्हणाल्या, “देवाची शपथ, मी नाही दिलं.” मी म्हणालो, “म्हातारी माणसं ऐकत नाहीत.” तू माझ्याकडे पाहिलंस, आईंकडे पाहिलंस, आणि त्यांची पिशवी तिथेच बाकावर उपडी केलीस. चष्मा, पोलकं, बामची डबी. एक शब्द बोललो असतो तर तू थांबली असतीस.

त्यानंतर आई आपल्या घरात जेवल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तू दोघींना घेऊन गेलीस. तुला वाटलं, आईंना अपमान सहन झाला नाही म्हणून आपण जातोय. तेजू मला पाहिलं की दोन्ही हातांनी तोंड का झाकते, ते तुला कळत नव्हतं. मला कळत होतं.

हे पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखव. कुठली ओळ गाळू नकोस. येत्या रविवारी मी येईन म्हणतो, त्यांच्या पाया पडायला. तेजू काय खाते हे विचारण्याचं तोंड मला नाही.

आरशात बघायचं टाळणारा,
जीवन


तुकईथड
२२ नोव्हेंबर २०२४

यांस,

पत्र मिळालं. तुम्ही म्हणालात तसं आईला वाचून दाखवलं. मधे दोनदा थांबावं लागलं, पण ओळ गाळली नाही.

आई शेंगा फोडत होती. फोडतच राहिली. मग म्हणाली, “मले त्याच दिशी मालूम व्हतं. पोरीच्या नाकात पीठ व्हतं. दूध-बिस्किटानं नाकात पीठ जाते का?”

मी विचारलं, “मग बोलली काहून नाहीस?”

“बोलली असती तर तुहा संसार मोडला असता. माही काय, दोन दिवसांची बदनामी.”

मला उठून अंगणात जावं लागलं. तुमची किळस आली हे वेगळं लिहायला नको. ज्या हाताने तुम्ही तिचं नाक धरलंत, तो हात कुठल्याशा हॉलमध्ये उठून खरं बोलल्याने स्वच्छ होत नाही. पण पिशवी तुम्ही उपडी केली नव्हती. ती मी केली. साठ वर्षांच्या बाईची पिशवी, चार लोकांत. जिने मला जन्म दिला तिच्यापेक्षा मला तुमच्या आतड्याच्या चित्रावर जास्त भरवसा होता. आईने मला माफ केलंय म्हणते. मी केलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मी एकटी तिला इंदूरला घेऊन गेले. रक्ताची तपासणी केली. गव्हाचं काही निघालं नाही. दुधाचंही काही कारण दिसत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आहारात बदल करायचाच झाला तर तो कसा, हे त्यांनी मला शिकवलंय. मी करीन. त्यात तुमचं मत मी विचारणार नाही.

ती काय खाते हे तुम्ही विचारलं नाहीत. सांगत नाही.

रविवारी यायचं तर या. आईची माफी मागायला या. सकाळच्या गाडीने या आणि दारच्या ओट्यावरच बसा. जेवूनच या. तेजूला हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही, खिशातून काही काढायचं नाही. ती बाहेर आली तर येईल. तुम्हाला जवळ करायचं की नाही, हे तिनेच ठरवायचं आहे. ती बोलत नाही, आणि मी तिच्या वतीने बोलणार नाही. त्यामुळे वाट पाहावी लागेल. किती रविवार, ते मलाही माहीत नाही.

खाली कुणाची काय ते लिहीत नाही.
पूर्णिमा