गुरुवारची मोजणी

चाकण, सोमवार

ती. आई, पाया पडते.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथे मात्र डोकं फिरलंय. आमच्या कंपनीसमोर बस, रिक्षा, सायकल एकाच जागी मिळेल असा मोठा थांबा होणार होता. सरकारी साहेब लोक माणसं मोजायला आले ते गुरुवारी! गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी, मग आत्ताच्या छोट्या स्टॉपवर कोण येणार? ‘प्रवासी नाहीत’ असं लिहून मोकळे झाले.

बस पुरत नाहीत, म्हणून शिफ्ट सुटली की आम्ही हायवेने ट्रक चुकवत चालतो. घोळक्याने चालतो गं, काळजी करू नकोस.

त्यांच्या ऑफिसात जाऊन भांडलो, तेव्हा म्हणे पुन्हा मोजू. कधी? गुरुवारीच!

म्हणून या सुट्टीला मी घरी येत नाही. आम्ही चाळीसजणी सकाळपासून त्या स्टॉपवर उभ्या राहणार आहोत. मोजा म्हणावं आता.

तुझी,
विजू