माझ्या मुलीच्या वरचं नाव

दादा,

समोर अकरावीची पोरं युनिट टेस्ट लिहितायत आणि मी सुपरव्हिजनच्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितेय. कॉलेजचे पुरवणीचे कागद वापरतेय, म्हणजे तुमच्या हिशेबानं सरकारी मालाचा गैरवापर. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, तुम्ही होतात तेव्हाही नाही; एका घरात राहून कोण कोणाला पत्र लिहितं? पण आज डोक्यात इतका गुंता झालाय की तो कोणापुढं तरी मांडायला हवा, आणि जिवंत माणसांत मध्येच तोंड न घालणारं एकही माणूस मला सापडत नाही. नवऱ्याकडं विषय काढला की तो मोबाइलवर मागच्या वर्षीचे कटऑफ काढून दाखवायला लागतो. तुम्ही निदान ऐकून तरी घ्याल. आता तुम्हाला दुसरा इलाज नाही.

तर झालंय असं. तुमची नात, जी तुम्ही पाहिलीच नाही, तिनं यंदा मेडिकलची परीक्षा दिली. मार्क चांगले पडले. चांगले म्हणजे असे, की सोसायटीत सांगताना मान ताठ व्हावी आणि यादी उघडली की नाव शोधत खाली खाली जावं लागावं. एकेक फेरी होत गेली, डेंटलची एक जागा लागली, ती घेऊन ठेवली. आता शेवटची फेरी आहे. एमबीबीएसच्या थोड्या जागा उरल्यात आणि तिचं नाव वेटिंगवर आहे. अगदी वरही नाही आणि तळालाही नाही. नेमकं अशा ठिकाणी, की झालं तर होईल आणि नाही झालं तरी कोणाला नवल वाटणार नाही. नियम असा, की वेटिंगवर राहायचं तर हातातली जागा उद्या संध्याकाळपर्यंत सोडायची. सोडली नाही तर वेटिंगमधून नाव जाणार. सोडली आणि यादी तिच्यापर्यंत आलीच नाही, तर यंदा काहीच नाही. पुन्हा वर्षभर क्लास, पुन्हा ती परीक्षा, पुन्हा हे सगळं.

मजा अशी, की याच गोष्टीचा सल्ला द्यायला लोक मला फोन करतात. मी जीवशास्त्र शिकवते, हे तुम्हाला माहीत आहे. पण आता त्यात हेही धरलेलं असतं की अ‍ॅडमिशनच्या दिवसांत मॅडमनी आईबापांना धीर द्यायचा. दिंडोरीहून, कळवणहून, पार सुरगाण्याहून फोन येतात. मी दोन मिनिटांत निकाल लावते. मिळालेली जागा घ्या, पोराला होस्टेलला सोडून या, आणि ती वेबसाइट उघडणं बंद करा. वर्षानुवर्षं मी एवढंच सांगत आलेय. हे सांगताना माझा आवाज फार छान लागतो म्हणे. एक पालक म्हणाले होते, मॅडम, तुमच्याशी बोललं की बीपी उतरतं.

पण मी हे शिकले कुठून? तुमच्याकडून नाही. तुम्ही नेमकं उलटं केलं होतं. मी डोळे मिटले की नाशिकरोडचं रिझर्वेशन ऑफिस दिसतं, खिडकीच्या आतल्या बाजूनं. मी तुमच्या मागच्या स्टुलावर बसलेय. बारावी झालीय, मेडिकलच्या वेटिंगवर माझं नाव आहे, आणि कॉलेज लांबच्या शहरात. आपल्याकडं घरात फोन नाही. पण रेल्वेचा स्वतःचा फोन आहे, स्टेशन ते स्टेशन, आणि तिकडच्या बुकिंगमध्ये तुमचे जुने दोस्त आहेत. ते ड्युटी संपली की सायकल काढून कॉलेजच्या बोर्डापर्यंत जातात, यादी कुठवर आली ते पाहतात आणि तुम्हाला फोन करतात. गाड्यांच्या चौकशीच्या मध्येच माझी चौकशी. म्हणून मी रोज दुपारी तुमचा डबा घेऊन येते आणि फोन वाजेपर्यंत हलत नाही. खिडकीवर माणसं येतात, गोरखपूरची, वाराणसीची वेटिंगची तिकिटं हातात, आणि सगळी एकच विचारतात, साहेब, होईल का हो? तुम्ही मान वरही न करता म्हणता, "सांगता येत नाही." कोणालाही हेच. एकदा तर सख्खा मामा खिडकीवर आला होता, त्यालाही हेच. तो नंतर दोन दिवाळ्या आपल्याकडं आला नाही. आणि मग खुर्चीत अर्धं वळून मला म्हणता, "तुझं होईल."

मला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही. वेटिंग कसं सरकतं हे या माणसाला नाही कळायचं तर कोणाला, असंच मला वाटायचं. तुम्ही समजावूनही सांगायचात. शेवटच्या दिवशी लोक तिकिटं रद्द करतात, कोणाकडं आजारपण निघतं, कोणाचं लग्न पुढं जातं, वरची नावं गळतात आणि खालचा आत जातो. कॉलेजचंही तसंच असणार. फार्मसीची जागा लागली होती, ती तुम्ही घेऊ दिली नाहीत. बिटको चौकाजवळच्या शिंप्याकडं मला नेऊन पांढरा अ‍ॅप्रन शिवायला टाकलात. त्यानं मापापेक्षा बराच ढगळ शिवला आणि वर म्हणाला, डॉक्टरीण झाल्यावर अंग भरतं. मी एकदाच विचारलं, "दादा, नाही झालं तर?" तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! "आधीच नाट लावू नकोस." खिडकीबाहेरचा माणूस दचकून मागं सरकला होता.

ज्यांच्याकडं मेडिकलची जागा असते ते ती रद्द करत नाहीत, दादा. आजारपण निघालं तरी करत नाहीत. हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? यादी माझ्यापर्यंत आली नाही. त्या दुपारी फोन वाजला, तुम्ही "बरं, बरं" एवढंच म्हणालात आणि पुढच्या माणसाचा फॉर्म घेतलात. ड्युटी संपल्यावर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून आपण भेळभत्ता खाल्ला. तुम्ही माझ्या पुडीत तुमच्यातला कांदा काढून टाकत होतात, कारण मला आवडतो. फार्मसी तोवर गेलेली होती. मी बीएस्सीला गेले, तोच ढगळ अ‍ॅप्रन बाह्या दुमडून घातला, आणि आज इथं बसलेय. वाईट झालं असं नाही. शिकवायला मला आवडतं, पोरं मला घाबरतात आणि जीवही लावतात. पण कितीतरी वर्षं माझा तुमच्यावर राग होता, आणि तो नेमका कशाचा होता हे मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही "होईल" म्हणालात याचा, की ते झालं नाही याचा? की जे खिडकीवरच्या परक्या माणसाला खरं सांगायचात, ते मला का नाही सांगितलंत याचा? तुम्ही गेलात तेव्हा तो राग कुठं गेला तेही कळलं नाही. मी शोधलासुद्धा नाही.

काल संध्याकाळी मी ओट्याशी मेथी निवडत होते. पोरगी येऊन समोर उभी राहिली. गेले कित्येक दिवस ती नीट जेवत नाही, ताटात पोळीचे तुकडे करत बसते, मध्येच उठून यादी पाहून येते, जणू ती दर तासाला बदलणार आहे. म्हणाली, "आई, तू सगळ्यांना सांगतेस, मग मला का नाही सांगत?" मी म्हटलं, अगं, तू आणि बाबा मिळून ठरवा. ती म्हणाली, "बाबा टक्केवारी सांगतात. तू सांग. आणि मॅडमसारखं नको सांगू." माझ्याकडं उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांचं पाठ झालेलं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच. "सोड ती डेंटलची जागा. थांब. तुझं होईल."

हे कोण बोललं, दादा? मला खरंच माहीत नाही. तिचा चेहरा असा उजळला की मला ते शब्द मागं घेता येईनात. "खरंच ना?" म्हणाली, आणि भाजी झाल्या झाल्या ताट वाढून घेतलं, मेथी दोनदा मागून खाल्ली. मी बघत बसले. पोर पोटभर जेवतेय म्हणून बरं वाटत होतं. पण बोलले त्याला माझ्याकडं कसलाही आधार नव्हता. तुमच्याकडं निदान गोरखपूरच्या गाड्या तरी होत्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुम्हाला लिहायला बसले नसते. यादीत माझ्या मुलीच्या नावाच्या बरोबर वर जे नाव आहे, ते माझ्याच विद्यार्थिनीचं आहे. देवळ्याची पोरगी. आई अंगणवाडीत आहे. दोन वर्षं इथं चार मुलींबरोबर खोली करून राहिली, पहिल्या बाकावर बसायची, आणि तास संपला की दारात अडवून प्रश्न विचारायची. मला स्टाफरूमपर्यंत सुखानं जाऊ दिलं नाही कधी. हुशार आहे, माझ्या मुलीपेक्षा जरा जास्तच, हे मी घरी बोलत नाही. तिच्या हातात आयुर्वेदाची जागा आहे आणि तिचाही प्रश्न तोच आहे, उद्या संध्याकाळपर्यंत धरायचं की सोडायचं. तिनं आयुर्वेद धरलं तर तिचं नाव यादीतून जाईल आणि माझी मुलगी एक घर वर सरकेल.

आज सकाळी मी पार्किंगमध्ये गाडी लावत होते आणि तिचा फोन आला. "मॅडम, मला काहीच सुधरत नाही. पप्पा म्हणतात घेऊन टाक, मामा म्हणतो सोड. रात्रभर डोकं चाललंय. तुम्ही सांगाल ते करते." मी हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. आणि मी तिला तेच सांगितलं, जे आजवर सगळ्यांना सांगत आले. मिळालेली जागा घे, होस्टेलला जा, ती वेबसाइट उघडू नकोस. आयुर्वेदात चांगलं करता येतं, तुझ्यासारखीनं तर नक्कीच. शब्दसुद्धा तेच आणि आवाजही तोच, बीपी उतरवणारा. मागून तिच्या आईचा आवाज आला, "मॅडम काय म्हनी राहिनी?" तिनं सांगितलं. आई काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही.

आता मला सांगा, मी वाईट सल्ला दिला का? ती यादीत कुठंही असती, शंभर नावं खाली किंवा दुसऱ्या कुठल्या यादीत, तरी मी तिला हेच सांगितलं असतं. शपथेवर सांगते. मग स्टाफरूममधला चहा मी तसाच का ठेवून आले? मी आता तिला फोन करून "थांब" म्हटलं, तर ते तिच्या भल्यासाठी असेल की माझं मन स्वच्छ व्हावं म्हणून? आणि पुढं यादी तिच्यापर्यंत आली नाही, तर तिचं वर्ष मी खाल्लं असं होईल. बरं, हाच सल्ला खरा म्हणावा, तर घरी जाऊन मुलीला सांगायला हवं, की काल मी बोलले ते उगाच बोलले, डेंटलला जा. आणि समजा तिचं झालंच असतं तर? एकाच प्रश्नाला मी दोन पोरींना दोन उत्तरं दिली, बारा-चौदा तासांच्या आत, आणि दोन्ही देताना मला ती खरी वाटत होती. यातलं प्रेम कुठलं आणि लबाडी कुठली, हे मला वेगळं काढता येत नाही. मी पोरांना बेडकाचा एकेक अवयव वेगळा करून दाखवायचे.

तुमच्याही बाबतीत मी आज सकाळपासून तोच विचार करतेय. तुम्ही त्या माणसांना खरं सांगायचात, कारण त्यांचं झालं काय, न झालं काय, तुम्हाला घरी जाऊन झोप लागत होती. मला "होईल" म्हणालात तेव्हा तुम्हाला झोप लागत होती का? हे मी विचारायला हवं होतं. बाकावर आपण बराच वेळ बसलो होतो, तेव्हा विचारता आलं असतं.

घंटा व्हायला आलीय, शेवटच्या बाकावरचा एकजण शेजारच्याच्या पेपरात मान घालून बसलाय, मला उठायला हवं. हे कागद मी घरी नेणार नाही, कोणाच्या हाती लागायला नकोत. फाडून इथंच टाकीन. तुम्हाला ते पोचायचे नाहीतच, म्हणून राहिलेलं तेवढं लिहिते.

फोन ठेवायच्या आधी त्या पोरीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या मुलीला पण हेच सांगितलं ना तुम्ही?" त्यात खोच काही नव्हती. तिला फक्त सोबत हवी होती. मी म्हटलं, "हो."

"मग झालं," ती म्हणाली, "मग मला आता टेन्शन नाही."

फोन ठेवल्यावर मी गाडीपाशी तशीच उभी राहिले, दादा. मला लाज नंतर वाटली, जिना चढताना. आधी हायसं वाटलं. वरचं एक नाव गेलं, असं वाटलं.