मुलाखतीत विचारलेले आजोबा

बाबा, तुमची नात आता लष्करात अधिकारी होण्याचं शिक्षण घेते आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. पण तिची तयारी करून घेताना गेली दोन वर्षं मला तुमच्याबद्दलच इतके प्रश्न पडत राहिले, की आज वही घेऊन बसले आहे.

तयारी म्हणजे काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? लेखी परीक्षेचा अभ्यास तिचा तिने केला. पुढे पाच दिवसांची मुलाखत असते. तिथे एकेक शब्द दाखवतात आणि पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं असतं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात डोणगावच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधते आहे, शेजारी मोबाइलचं घड्याळ लावलेलं, आणि मी एकेक शब्द वाचते आहे. भीती. मित्र. हुकूम. ती खाली मान घालून लिहिते आहे. मीही मनातल्या मनात वाक्यं करून बघायची. माझी वाक्यं पंधरा सेकंदांत कधी झाली नाहीत.

पहिल्या खेपेला ती पाचव्या दिवसापर्यंत टिकली आणि निवड न होता परत आली. रडेल असं वाटलं होतं. तिने बॅग ठेवली, पाणी प्यायलं आणि विचारलं, "आई, आजोबा फौजेत नेमकं काय करत होते?"

"काऊन?"

"साहेबानं विचारलं. म्या सांगतलं, देशसेवा केली. ते म्हणे, हाव, पण काम कोणतं? मले सांगताच नाही आलं."

तिला सांगता आलं नाही, कारण मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. का नव्हतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी सातवीत असताना शाळेने तुम्हाला सव्वीस जानेवारीला बोलावलं. बाबा सीमेवर लढले, असं मी वर्गभर सांगून ठेवलं होतं. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "पोरांनो, बंदूक मीबी शिकलो. पण माह्या हातात जास्त करून झाराच राह्यला. शंभर-सव्वाशे माणसाईले रोज जेवू घातलं." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. घरी येताना मी सायकलवर मागे तोंड फिरवून बसले. तुम्ही सायकल थांबवलीत. "तुले लाज कायची वाटून राह्यली? रांधाची, का खोटं बोलली त्याची?"

हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती हसली नाही. बर्फात डाळ शिजायची का, अधिकारी काय खायचे, आजोबांना लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, कोणी घातलं, की त्यांनीच मागून घेतलं, असं ती विचारत सुटली. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. वीस वर्षं तुमच्यासोबत एका घरात राहिले आणि मला लंगर हा एक शब्द तेवढा माहीत.

मग आम्ही दोघी साखरखेर्ड्याला तुमच्या पलटणीतल्या सोबत्याकडे गेलो. त्यांना आता कमी ऐकू येतं, पण तुमचं नाव घेताच सरसावून बसले. त्यांनी सांगितलं, एकदा उंचावरच्या चौकीवर वाट बंद झाली, शिधा तोलून मापून निघायला लागला. तिथले तरुण साहेब रोज सगळ्यांच्या शेवटी जेवायचे, उरेल ते. एक दिवस तुम्ही त्यांच्यासाठी भात आधीच वेगळा काढून ठेवलात. त्यांनी तो तुम्हाला परत पातेल्यात टाकायला लावला आणि वर झापलं.

"मंग आजोबाले राग आला?" तिने त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"राग? तीन दिवस तेच सांगत होता वं आम्हाले. म्हणे, असा साहेब असन तर मले जलमभर लंगरात ठेवा."

येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मेहकर आल्यावर म्हणाली, "साहेब झाल्यावर भूक लागतच असन ना, आई? मले तर लय लागते." मी म्हटलं, "लागत असन." तिने पुन्हा अर्ज भरला, पुन्हा लेखी परीक्षा दिली. पुन्हा जुड्या, पुन्हा घड्याळ.

दुसऱ्या खेपेला तिची निवड झाली. फोनवर मी आधी तेच विचारलं, आजोबांचं काय सांगितलंस? ती म्हणाली, "यावेळेस विचारलंच नाही. मेथीचा भाव काऊन पडते, हेच विचारत बसले." वैद्यकीय तपासणी झाली, यादीत नाव आलं, आणि तिचे बाबा तिला सोडून आले. तिकडे तिचं कसं निभेल, कोण जाणे. आवाज तरी खुशीतला असतो.

हा कागद मी कुठे पाठवणार! वहीतच राहील. लिहायला बसले होते तुम्हाला विचारायला, आणि सांगावंसं वाटतं आहे भलतंच. आई आजारी पडली त्या महिन्यात तुम्ही घरी वरण केलंत, दहा माणसांना पुरेल एवढं. ते मला आईच्या वरणापेक्षा आवडलं होतं. तिला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोलले नाही.