मोताळा २०५०, खोली नंबर चार

२ ऑगस्ट २०२५
सकाळी तीन तास जपानच्या वर्ल्ड एक्स्पोचे व्हिडिओ पाहिले. उडत्या गाड्या, चहा देणारे रोबोट. बाहेर आलो तर शेजारच्या उकंडरावांची म्हैस रस्त्यात ठाण मांडून. काय बोलायचं! ओसाकाला जातो. उद्या पासपोर्टचा फॉर्म.

५ ऑगस्ट
जपान रद्द. प्रत्येक दालनापुढे म्हणे तासन् तास रांग. चौतीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाने रांगेत उभं राहायचं? पासपोर्टचा फॉर्म मोबाइलवर भरता आला नाही, याचा इथे काही संबंध नाही. एक्स्पो मोताळ्यातच भरवतो.

९ ऑगस्ट
एक्स्पोसाठी खोली मागायला माझ्या जुन्या शाळेत गेलो. हेडमास्तरीण रेणुका, माझीच विद्यार्थिनी, चित्रकलेत काठावर पास. खोली नंबर चार बाजाराच्या दिवशी एकदा देते म्हणाली. लोक आले तर खोली कायमची माझी, नाही तर तिथे पोषण आहाराचा तांदूळ.
रिटायर होऊन चौदा महिने झाले. एवढ्यात कोणी 'सर' म्हणून हाक मारलेली नाही. सहज लिहिलं.

१७ ऑगस्ट
'मोताळा २०५०' हे मॉडेल सुरू. सगळं थर्माकोल. मेट्रो, हेलिपॅड, रोबोटचा दवाखाना. बाजाराचं मैदान पार उडवलं. तेव्हा भाजी ड्रोन आणेल. मिरच्यांच्या ढिगामागे बसून कलकल करणाऱ्या बाया भविष्यात शोभत नाहीत. वासंती म्हणाली, मैदान तेवढं राहू द्या. बायकोला व्हिजन नाही.

२४ ऑगस्ट
घरच्या कूलरची मोटर काढून रोबोट केला. हात एकदा हलला. सारखा हात हलवणं हा जपानी उथळपणा आहे. वासंती दिवसभर पुठ्ठ्याने वारा घेत होती.

४ सप्टेंबर, सकाळी ७
आज बाजार, आज एक्स्पो. पाचशे माणूस धरून चाललोय. दोनशे पानी अभिप्राय वही आणली.

दुपारी १२
एकही माणूस नाही. दारावरून थैल्या घेऊन जातात, आत डोकावत नाहीत. अडाणी ते अडाणीच. तांदूळच ठेवा म्हणावं.

दुपारी १
पिंपळाखाली मिरची विकणारी पुष्पाबाई आली. पहिली प्रेक्षक! मॉडेल बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, तीस वर्षं झाले, मी पिंपळाखाली बसतो. याच्यात मी कुठी बसू?"
२०५० मध्ये बसायची गरजच राहणार नाही, हे तिला समजावून सांगितलं.
"मंग जाऊ कुठी?"
अभिप्राय लिहा म्हटलं तर लिहिता येत नाही. थैली हेलिपॅडवर ठेवून, जरा ध्यान ठेवजा म्हणून गेली.

दुपारी ४
खोलीत पाय ठेवायला जागा नाही! पुष्पाबाईने बाजारभर सांगितलेलं दिसतं. वहीवर झुंबड. लोक आपापसांत विचारून विचारून लिहितायत. ओसाका गेलं उडत.

संध्याकाळी ६
अभिप्राय वाचले.
'निळी थैली. आत मेथी.'
'दोन पिशव्या अन् छत्री. गाव वरवट बकाल.'
'पीठ आहे. उलटं ठेवू नये.'
एकशे सदतीस अभिप्राय, सगळे असेच. मेट्रोवर कांद्याचं पोतं. रोबोटच्या हातात कोणाची तरी कंदिलाची काच. मूर्खांचा बाजार नुसता.

८ सप्टेंबर
शाळेचं पत्र. लोकांच्या मागणीवरून खोली नंबर चार बाजाराच्या दिवशी सामान ठेवण्यासाठी कायम. देखरेख: श्री. नीळकंठ, म्हणजे मी. मॉडेल जागा अडवतं, ते कपाटावर ठेवावं.
खोली कायम मिळाली, म्हणजे एक्स्पो यशस्वी. वासंतीला तसं सांगितलं. ती म्हणाली, कूलरची मोटर आणा आता.

११ सप्टेंबर
दहाच्या आत चाळीस थैल्या. पुष्पाबाई फाटकातूनच ओरडली, "सर, माह्या थैलीत अंडे हायत, वर काही ठिवजा नका!"
सर म्हणाली. अख्ख्या बाजाराने ऐकलं.
थैली वेगळ्या बाकावर ठेवली. गर्दी ओसरल्यावर कपाटावरून मॉडेल काढलं आणि हेलिपॅड कापून तिथे पिंपळ लावला. हेलिपॅड तसंही जास्तच मोठं झालं होतं.