ठमीची काच

३ फेब्रुवारी, मंगळवार

फुटली! शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं ते थेट ठमीच्या तोंडावर. पुढची काच गेली. दोन्ही सीटवर खडेमीठ सांडल्यासारखा चुरा. सासूबाई आवाज ऐकून बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झाडू आण."

ठमी म्हणजे त्यांची जुनी गाडी. गोल दिवे, गोल पाठ, आणि चढावर कुरकुर – म्हणून ठमी. याच गाडीवर आईंनी ड्रायव्हिंगचा क्लास चालवला. बाई गाडी शिकवते म्हणून लोक आधी हसले, मग त्यांनीच आपल्या बायका-मुली शिकायला पाठवल्या. मीही लग्नानंतर हिच्यावरच शिकले. आई शेजारी बसून इतक्या ओरडल्या, इतक्या ओरडल्या, की तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. मीठ संपलंय. इस्त्रीवाला आला होता. झालं.

४ फेब्रुवारी, बुधवार

काचवाला येऊन गेला. गाडीभोवती एक चक्कर मारली, चौकटीला बोट लावलं, बोट पँटला पुसलं. "ही काच आता येत नाही ताई. आणली तरी मी हात लावणार नाही. रबरातली काच बसवणं आम्ही कधीच सोडलं. हल्ली सगळं चिकटवायचं काम."

ह्यांना तेवढंच हवं होतं. जेवताना म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. भंगारवाल्याशी बोलतो. महिनाअखेरीस घेऊन जाईल. जागा तरी मोकळी होईल."

आई ताट अर्धं टाकून उठल्या. त्या ताटात काही टाकत नाहीत कधी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कामाला निघाले होते. दुकानात आज पडद्यांचा डोंगर शिवायचा होता. एक पाय चपलेत, एक बाहेर, आणि आई दारात आडव्या.

"काच मी शोधते. बसवू आपण दोघी."

"आपण? आपल्याला कुठे येतं?"

"मी एकदा बसवताना बघितलीय. काचेला रबर घालायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. एकीने बाहेरून दाबायचं, दुसरीने आतून दोरी ओढायची. तुला नाडी ओवता येते ना?"

नाडी! माझा जन्म गेला नाड्या ओवण्यात. "येते," म्हणून बसले. आता घ्या निस्तरून.

८ फेब्रुवारी, रविवार

मिळाली!! गावाबाहेरच्या भंगाराच्या आवारात ठमीची सख्खी बहीण पोटावर पडलेली. चाकं नाहीत, इंजिन नाही, दारात गवत उगवलंय – पण पुढची काच आरशासारखी! आवारवाला म्हणाला, "काढायची तुमची तुम्ही. फुटली तर माझं नाव घेऊ नका."

आईंनी सुरीने बाहेरून रबर कापलं. मग मला आत झोपवलं. पाठ सीटवर, पायांचे दोन्ही तळवे काचेला. "हळू. पावलांनी ढकल, टाचांनी नाही. वरचा कोपरा आधी." मी पंचेचाळिशीची बाई, साडीचा काष्टा करून उताणी, आणि बाहेर आवारातली सगळी माणसं काम टाकून बघतायत! काच हलली. आणखी थोडी. मग आईंच्या हातात अलगद आली.

दुकानातल्या उरलेल्या पडद्याच्या कापडात गुंडाळली. टॅक्सीत दोघींच्या मांड्यांवर आडवी. खड्डा आला की दोघी एकदमच मांड्या उचलत होतो. न ठरवता.

९ फेब्रुवारी, सोमवार

काच पलंगाखाली आहे. हे रात्री कूस बदलायलाही घाबरले म्हणे. बरं झालं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चौकटीचा गंज घासून काढला. पत्र्याच्या कडेवर जरा जरी खडबडीत राहिलं तरी काच तिथेच तडकते, असं आईंचं म्हणणं. मी पॉलिश पेपर फिरवायचा, त्यांनी मागून डोळे मिटून बोट फिरवायचं. "इथे आहे अजून." कपडे शिवताना मी शिवण अशीच तपासते – डोळ्यांनी नाही, बोटांनी. त्यांना सांगितलं. "मग बरोबर माणूस धरलाय मी," म्हणाल्या.

ह्यांनी खिडकीतून – "सासू-सुनेचं सूत जमलंय बघा! आता माझं काही खरं नाही."

१५ फेब्रुवारी, रविवार

सत्यानाश.

आईंनी हौसेने ठमीचं जुनंच रबर ठेवलं होतं. मी सांगत होते, कडक झालंय. ऐकतील तर शपथ. काच टेकवली, दोरी ओढायला लागले – एक बाजू बसली, आणि कोपऱ्यावर रबर टरकन फाटलं. काच पुढे घसरली. आईंनी छातीवर झेलली! वाचली.

आणि मग आम्ही भांडलो. भर अंगणात, मधे काच धरून.

"ओढ म्हटलं की ओढायचं! विचार करत काय बसतेस?"

"मी तुमच्या क्लासची विद्यार्थिनी नाही आता! रबर सडलंय, मी काय करू?"

शेजारी गच्चीवर आले. येऊ देत.

संध्याकाळी मी भांडी विसळत होते. आई ओट्याशी येऊन उभ्या. म्हणाल्या, "रबराचं तुझं बरोबर होतं." मी नळ बंद केला. असं वाक्य या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाल्या, "तुला शिकवताना फार ओरडायचे ना? सगळ्यांत चांगला हात तुझा होता. चांगल्यांवरच ओरडायचे मी."

"मग वाईट चालवणाऱ्यांना काय करायचात?"

"त्यांना लायसन काढून द्यायचे आणि घरी पाठवायचे."

इतकी हसले की बशी हातातून निसटली. बशी फुटली. काच नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रबरवाल्याकडे जुन्याचा तुकडा घेऊन गेले. त्याने उलटसुलट केला, वास घेतला, आत गेला आणि तस्संच वेटोळं घेऊन आला. मऊ, काळं, दोन्ही अंगांना खाच. घरी येईपर्यंत पिशवीत हात घालून घालून बघत होते.

२२ फेब्रुवारी, रविवार

बसली! बसली! बसली!

सगळं नीट लिहिते. सकाळी रबर उन्हात टाकलं. तापून गोगलगाईसारखं मऊ झालं तेव्हा काचेभोवती चढवलं. खाचेत दोरी ओवली – हे माझं काम, कुणी मधे बोलायचं नाही – आणि दोन्ही टोकं खाली मधोमध बाहेर काढली. साबणाचं पाणी हात राखून नाही, अगदी आंघोळ. मग दोघींनी काच उचलून चौकटीवर टेकवली. मी आत. आई बाहेर, बॉनेटवर चक्क गुडघा टेकून.

"ओढ."

ओढली. रबराची कड पत्र्यावरून उलटली आणि आत आली, बोटभर. आणखी. मी ओढते तिथे त्या बाहेरून तळव्याने थोपटतात. काचेच्या अल्याड मी, पल्याड त्या, नाकासमोर नाक. त्यांचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून त्या मानेनेच सांगायला लागल्या. थांब. आता. थांब. आता! खालची बाजू झाली. डावा कोपरा झाला. वरची बाजू सरसर गेली.

उजवा वरचा कोपरा अडला. दोरी हटेना. मनगटात कळ. आई दोन्ही हातांनी दाबतायत, चेहरा लाल, अंबाडा सुटलेला. हे पायरीवर चहा घेऊन उभे होते, म्हणाले, "मी येऊ का?"

दोघी एकदम – "नको!"

मी दोरी हाताला गुंडाळली, पाय डॅशबोर्डला लावला. आईंनी माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. नुसती मान हलवली, हळूच. मी ओढली –

फट्ट!

दोरी सगळी माझ्या मांडीत. काच चौकटीत. चारही बाजूंनी रबर जागच्या जागी, पैठणीच्या काठासारखं सरळ! आईंनी काचेवर हात ठेवला, मी आतून त्याच जागी ठेवला. किती वेळ कोण जाणे. मग त्यांनी लेकाला हाक मारली, "नुसता उभा काय राहिलास? नळी आण. मार पाणी!"

ह्यांनी मारलं. छपरावरून, कोपऱ्यांवर, सरळ काचेवर. मी आत बसून. एक थेंब नाही! हे तर हट्टालाच पेटले, कुठेतरी गळेलच म्हणून अर्धी टाकी रिकामी केली. शेवटी नळी टाकून टाळ्या वाजवायला लागले. गच्चीवरच्या शेजाऱ्यांनीही वाजवल्या.

आई खुर्चीत बसल्या होत्या, पाय लांब करून. असं बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मनगट सुजलंय. पेन धरवत नाही. पण दुकानात सगळ्यांना दाखवलं!

२५ फेब्रुवारी, बुधवार

टेकडीचा रस्ता. मी चालवत, आई शेजारी, हे मागे गुडघे पोटाशी घेऊन. चढावर ठमी कुरकुरली, पण चढली. वारा सगळा बाहेर. समोर रस्ता असा स्वच्छ की वाटलं हात घालून उचलावा. आई पूर्ण वेळ गप्प! वळणावर मी मुद्दाम ब्रेक उशिरा मारला. तरी गप्प. "बोला की काहीतरी," म्हटलं. "काय बोलू? चूक कुठे आहे?"

घ्या! हे लिहून ठेवते, अधोरेखित.

वर एक बाई भेटल्या, डॉक्टर आहेत. ठमीभोवती हिंडल्या, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. "कुणी बसवली हो?" आई म्हणाल्या, "आम्ही." भंगारवाल्याला ह्यांनी तिथूनच फोन केला – येऊ नका.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आईंनी ठमी विकली.

आज सकाळी. त्या डॉक्टरबाईंना. मला, ह्यांना, कुणाला न विचारता. मी धावत बाहेर गेले तोवर किल्ली दिलेली. "आई, मग आपण एवढं केलं कशाला?"

त्या म्हणाल्या, "काच नव्हती तेव्हा तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवत होतात. आज मी ठरवलं."

गाडी फाटकाबाहेर पडली, वळली. आई कान देऊन ऐकत होत्या.

"क्लच उशिरा सोडते," म्हणाल्या. "शिकेल."